तोफांच्या काळातली एक बहिरी मुलगी

श्रोतेहो, एक छोटासा प्रयोग करून पाहा. आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून तीन शब्द म्हणा : पाय, बाय, माय. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. आपल्याला ऐकू येते, म्हणून आपल्या दृष्टीने ही नुसती गंमत. पण जिला समोरच्याचे ओठ पाहूनच बोलणे उमजून घ्यायचे आहे, तिने कसे ओळखावे की हा पायाबद्दल बोलतो आहे की मायबद्दल? आज ज्या कादंबरीविषयी मी आपणांशी बोलणार आहे, तिची नायिका असे ओठ वाचत जगते. आणि ती जगते तो काळ पहिल्या महायुद्धाचा आहे.

कादंबरीचे नाव 'डेफनिंग'. कॅनडातील लेखिका फ्रान्सिस इटानी यांची ही कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली. या इंग्रजी शब्दाला दोन बाजू आहेत. एक, कानठळ्या बसवणारा. दुसरी, बहिरे करणारा. पहिला अर्थ तोफांचा, दुसरा तापाचा. इटानी यांची स्वतःची आजी बहिरी होती, आणि त्यांनी स्वतः परिचारिकेचे कामही केलेले होते. आजारी माणसाची उशाशी बसून केलेली शुश्रूषा या पुस्तकात इतकी खरी का वाटते, ते यावरून कळेल.

कथा घडते कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, डेझरॉन्टो नावाच्या पाण्याकाठच्या लहानशा गावात. ग्रानियाच्या वडिलांचे तिथे हॉटेल आहे. मुलगी पाच वर्षांची असताना तिला स्कार्लेट फीव्हर होतो. अंगावर लाल पुरळ उठवणारा हा ताप त्या काळी कित्येक घरांत मूल तरी नेई, नाहीतर मुलाचे कान तरी. ग्रानिया वाचते, पण तिचे कान जातात. आई देवाला साकडे घालत राहते आणि मुलीचे बहिरेपण काही मनातून स्वीकारत नाही. आजी मात्र नातीला मांडीशी घेऊन चित्रांचे पुस्तक उघडते, एकेक शब्द ओठांनी दाखवते आणि तिच्याकडून म्हणवून घेते. रात्र झाली की दुसरीच अडचण! अंधारात ओठ दिसत नाहीत. दिवा मालवला की बहिऱ्या मुलीचे सगळे जगच तुटते. म्हणून दोघी बहिणी आपल्या पायांना एक दोरी बांधून झोपतात. भीती वाटली की दोरी ओढायची, बस्स. शिक्षकबंधूंनो, संवाद म्हणजे काय हे मुलांना समजावून सांगायला मला या दोरीहून सोपे उदाहरण माहीत नाही.

पुढे नवव्या वर्षी ग्रानियाला बेलव्हिल गावच्या निवासी शाळेत पाठवतात. ही शाळा कल्पनेतली नव्हे. १८७० साली सुरू झालेली ती ऑन्टारिओ सरकारची बहिऱ्या मुलांची शाळा. इथे आपल्याला कादंबरी क्षणभर बाजूला ठेवून इतिहासात डोकावले पाहिजे, कारण ग्रानियाच्या शाळेवर एका मोठ्या वादाची सावली पडलेली होती.

बहिऱ्या मुलांना हातांच्या खुणांची भाषा शिकू द्यावी, की खुणा बंद करून त्यांना तोंडाने बोलायलाच लावावे? १८८० साली इटलीतील मिलान शहरी या विषयावर शिक्षकांची परिषद भरली. दीडशेहून अधिक प्रतिनिधी जमले होते, त्यांत बहिरा कितीसा? फक्त एक! परिषदेने प्रचंड बहुमताने ठराव केला की, तोंडी पद्धतच श्रेष्ठ. मग युरोप-अमेरिकेतल्या शाळाशाळांतून मुलांचे हात आवरले जाऊ लागले, आणि बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्याही गेल्या. ज्यांच्या भाषेचा निवाडा व्हायचा, त्यांनाच त्या सभेत स्थान नव्हते. व्हँकूव्हर येथे २०१० साली भरलेल्या त्याच परंपरेतील परिषदेने या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला, पण त्याला एकशेतीस वर्षे जावी लागली.

या तोंडी पद्धतीचा सर्वांत नामवंत पुरस्कर्ता कोण, ठाऊक आहे? टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल. त्यांच्या आईला ऐकू कमी येत असे. त्यांची पत्नी मेबल हीसुद्धा बहिरी. आणि तिचेही कान पाचव्या वर्षाच्या सुमारास स्कार्लेट फीव्हरनेच गेलेले. मेबल ओठ वाचण्यात तरबेज होती. बेल यांचा जिव्हाळा खोटा होता असे मी म्हणणार नाही. पण १८८३ साली त्यांनी विद्वानांपुढे निबंध वाचून इशारा दिला की, बहिऱ्यांची बहिऱ्यांशी लग्ने होत राहिली तर माणसांत बहिऱ्यांची एक वेगळी जातच निर्माण होईल. स्वतः बहिऱ्या मुलीशी संसार करणारा माणूस हे लिहितो! चांगल्या हेतूने केलेले नुकसान इतिहासात शोधू गेले तर पुष्कळ सापडते. त्यातले हे एक.

कादंबरीत मुले वर्गात ओठ वाचतात खरी, पण आपसात हातांनीच मनसोक्त बोलतात. ग्रानियाला तिथे मैत्रीण मिळते, भाषा मिळते, आणि पुढे त्याच शाळेच्या दवाखान्यात काम करताना जिम भेटतो. जिमला ऐकू येते. 'ज' आणि 'च' ओठांवर सारखेच दिसतात, म्हणून ती त्याला 'चिम' म्हणते. दोघे मिळून ओठांची, हातांची आणि स्पर्शाची एक स्वतःची बोली बनवतात. १९१५ साली लग्न होते आणि दोनच आठवड्यांत जिम युद्धावर निघतो, बंदूक घेऊन नव्हे, तर जखमींना डोलीवरून वाहून नेणारा म्हणून.

त्या वेळी कॅनडाची वस्ती सुमारे ऐंशी लाख. त्यातून सहा लाखांवर माणसे सैन्यात भरती झाली आणि साठ हजारांहून अधिक मेली. १९१७ च्या एप्रिलमध्ये व्हिमीच्या टेकडीवर चार दिवसांत सुमारे ३,६०० कॅनेडियन पडले. त्याच वर्षी पाश्शेंडेलच्या चिखलात एकेक डोली उचलायला सहा-आठ जण लागत आणि थोडके अंतर तोडायला तास न् तास जात. हे सारे जिमच्या वाट्याला लेखिकेने दिले आहे. माझे मत विचाराल तर ही रणांगणाची प्रकरणे घरच्या प्रकरणांइतकी ताजी उतरलेली नाहीत. खंदक आणि चिखल आपण दुसरीकडेही वाचलेले असतात.

मात्र घरी थांबलेल्यांचे वर्णन करताना इटानींच्या हाती एक मोठी गोष्ट लागली आहे. युद्धाने ऐकू येणाऱ्यांनाही बहिरे करून टाकले होते. आघाडीवरची पत्रे अधिकारी तपासून पाठवीत, ठावठिकाणा लिहायची बंदी. शिपायाला छापील कार्ड मिळे, 'मी ठीक आहे' वगैरे वाक्ये त्यावर आधीच छापलेली. नको ती खोडायची आणि टपालात टाकायचे. डेझरॉन्टोतल्या प्रत्येक आईला मुलाचा चेहरा आणि चार तुटक शब्द यांवरून उरलेले सगळे ताडावे लागे. ग्रानिया हेच तर लहानपणापासून करीत आली होती! म्हणून तिच्या बहिणीचा नवरा केनन जखमी होऊन परततो, निम्मा चेहरा गेलेला, एक हात निकामी, आणि तोंडातून शब्द निघत नाही, तेव्हा शहाणीसुरती माणसे गप्प बसतात. त्याच्या मौनापर्यंत जायची वाट ग्रानियालाच सापडते. ही नुसती कल्पना समजू नका. युद्धानंतर ब्रिटनमध्ये तोफांनी कान गेलेल्या सैनिकांसाठी ओठवाचनाचे वर्ग चालवावे लागले होते.

युद्ध संपता संपता, १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ येते. तिने कॅनडात सुमारे पन्नास हजार माणसे नेली. ग्रानिया मरणाच्या दारातून परतते. तिची शुश्रूषा करणारी आजी मात्र जाते. ही प्रकरणे वाचताना आपल्याकडच्या वाचकाला परके वाटायचे कारण नाही, कारण हीच ती आपल्या पणजोबांच्या तोंडची 'मानमोडी'. जूनमध्ये ती मुंबई बंदरात दिसली, आणि पावसाळा सरता सरता दुसऱ्या लाटेत खेडोपाडी पसरली. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे गेली. मराठा पलटणींतले शिपाई तेव्हा दूर मेसोपोटेमियात होते, आणि त्यांच्याही घरी पत्र वाचून दाखवायला गावात एखादाच शिकलेला असायचा.

केननचे आणि त्याच्या बायकोचे पुढे काय झाले, हे ज्यांना जाणून घ्यायचे असेल त्यांच्यासाठी इटानी यांनी २०१४ साली दुसरी कादंबरी लिहिली आहे. गाव तेच, साल १९१९, आणि नाव 'टेल', म्हणजे 'सांग'.