'स्वमग्न' मुले आणि निर्जीव वस्तू

ऑटिझमला मराठीत आपण 'स्वमग्नता' म्हणतो. स्विस मनोवैद्य ऑयगेन ब्लॉयलर यांनी मूळ संज्ञा 'ऑटोस', म्हणजे 'स्वतः', या ग्रीक शब्दावरून घडविली. पुढे १९४३ साली बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा ती संज्ञा या मुलांना चिकटली. मराठीत ती आली तेव्हा तिच्याबरोबर एक ग्रहही आला, की हे मूल आपल्यातच बुडालेले आहे, त्याला इतरांचे सुखदुःख कळत नाही.

वास्तविक ही मुले माणसांपासून दूर राहिली तरी वस्तूंशी त्यांचे नाते चांगले असते, हेही कॅनर यांनी नोंदविले होते. त्या नोंदीकडे फारसे लक्ष गेले नाही. १९८५ साली बॅरन-कोहेन, लेस्ली व फ्रिथ यांनी, दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे ताडणे या मुलांना जड जाते, असा सिद्धान्त मांडला. लोकांनी त्याचा अर्थ 'यांना सहानुभूतीच नसते' असा केला. परंतु २०१९ साली रिबेका व्हाइट व ॲना रेमिंग्टन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निर्जीव वस्तूंना भावना आहेत असे वाटणे ऑटिस्टिक व्यक्तींत सर्रास आढळते, बहुधा इतरांहून अधिक आणि मोठ्या वयातही, असे त्यांना दिसले. काहींना त्याचा त्रासही होतो. जुना कप टाकला तर तो एकटा पडेल, या विचाराने ज्याचा जीव कासावीस होतो, त्याला भावनाशून्य कसे म्हणावे?

आम्हां ठाणे-कल्याणकरांना तर हे परके वाटू नये. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. १८५४ साली ती कल्याणपर्यंत गेली. त्याच मार्गावर आज दसऱ्याच्या सुमारास डोंबिवलीचे चाकरमाने लोकलच्या डब्याला तोरणे बांधून त्याची पूजा करतात. कारखान्यांत यंत्रांना हळदकुंकू लागते. पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो.

कोणी म्हणेल, हा तर संस्कार. त्या मुलाचे दुःख वेगळे. हा भेद खरा आहे. आपला कृतज्ञतेचा दिवस ठरलेला असतो, संध्याकाळी तो सरतो. त्या मुलाला मात्र ही ओढ रोज सोसावी लागते, आणि तिला रूढीचा आधार नसल्यामुळे लोक हसतात.

१९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही. आता घराने एवढे तरी करावे. फुटका डबा मुलाच्या नकळत भंगारवाल्याला देऊ नये. आधी सांगावे, निरोप घेऊ द्यावा. नवा शब्द मिळेपर्यंत 'स्वमग्न' हाच शब्द वापरावा लागेल. पण तो उच्चारताना आपल्या मनात त्या मुलाच्या कळवळ्याची जाणीव असावी.