साट्याची करंजी आणि विरजलेली साय

नाताळच्या आधीच्या आठवड्यात आमच्या शेळगावच्या घरी करंज्यांचा घाट घातला जातो. बारामती-इंदापूर या टापूतील हे गाव. संत तुकाराम महाराजांची पालखी अंथुर्ण्याहून निमगाव केतकीकडे जाताना शेळगावच्या फाट्यावरून जाते, एवढे सांगितले की बाहेरच्या वाचकांना त्याचा ठाव लागतो. आमच्या घरी करंजी होते ती साध्या पारीची नव्हे, साट्याची. तळली की तिला पापुद्रे सुटतात आणि दातांखाली ती आवाज न करता विरघळते. निदान आजी होती तोवर असे होत असे.

एका नाताळात मात्र करंज्या वातड झाल्या. साहित्य तेच, माप तेच, हात सवयीचे. तरी पारी लाटताना आखडत होती आणि तळल्यावर चामड्यासारखी ताणली जात होती. त्याच संध्याकाळी आम्ही शेजारी ताट पाठवले, तेव्हा त्या घरातील लहान मुलीने निर्मळपणे विचारले, “करंजी तर दिवाळीची. तुमच्यात नाताळला पण करतात?” पहिला प्रश्न पिठाचा होता, दुसरा आमच्या घरपणाचा. दोहोंचे उत्तर त्या वेळी आमच्यापैकी कोणालाच देता आले नाही. ते शोधता शोधता जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम पिठाविषयी. मराठी स्वयंपाकघरात पिठातील स्निग्धतेला दोन नावे आहेत, आणि ती दोन वेगळ्या कामांची आहेत. कडकडीत तापवून कोरड्या पिठात ओततात ते मोहन. ते पिठाच्या कणाकणाला वेढते, त्यामुळे पाणी कणांपर्यंत पुरते पोचत नाही, पिठात चिवट धागे बनत नाहीत आणि पदार्थ खुसखुशीत होतो. दुसरा साटा. तूप किंवा लोणी हाताने पांढरे होईपर्यंत फेसून त्यात तांदळाची पिठी मिसळतात आणि लाटलेल्या पोळ्यांवर लावून त्या एकावर एक रचतात. त्याची वळकटी करून तुकडे पाडले आणि पुन्हा लाटले की दोन थरांमध्ये साटा आडवा राहतो. तळताना पिठातील पाण्याची वाफ होते, ती थरांना विलग करते आणि पापुद्रे सुटतात. मोहनाने पदार्थ ठिसूळ होतो, साट्याने पदरी. ज्या घरात दोन्ही साधते तेथील करंजीचे नाव गावात होते.

या साट्याची वंशावळ मोठी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात गव्हाच्या पिठात तूप व मीठ घालून केलेल्या मांड्यांचे वर्णन आहे. सोळाव्या शतकात भावमिश्राने रचलेल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात फेणीची कृती येते, आणि तांदळाचे पीठ, तूप व पाणी यांच्या मिश्रणाला तेथे ‘शट्टक’ असे नाव दिले आहे. आजीच्या तोंडचा साटा आणि वैद्यांच्या ग्रंथातील शट्टक ही एकाच घरची लेकरे वाटतात. आजीला संस्कृत येत नव्हते. लिहिता-वाचताही बेताचेच येत होते. तरीही निदान चार शतकांची एक विद्या तिच्या बोटांत वस्तीला होती.

पदरी पीठ हे काही आपल्याच देशाचे वैशिष्ट्य नव्हे. तेराव्या शतकातील अंदालुसियाच्या एका अरबी पाकग्रंथात पानापानांनी सुटणाऱ्या लोणीयुक्त पोळ्यांची कृती आढळते. युरोपातील पदरी पिठाचे विविध प्रकार पुढच्या शतकांत घडत गेले. बारामती-इंदापूरच्या एस.टी. स्थानकांवर चहात बुडवून आपण जी खारी खातो, ती बेकऱ्यांच्या वाटेने आपल्याकडे आलेली त्याच कुळातील पाहुणी होय.

आता सायीकडे वळू. पूर्व युरोपातील घरांत पीठ भिजवताना पाण्याऐवजी आंबवलेली साय वापरण्याची रीत आहे. पोलंडमध्ये राखेच्या बुधवारापूर्वीच्या गुरुवारी ‘फावोर्की’ नावाचा पदार्थ करतात. मैदा, अंड्यातील पिवळा बलक आणि आंबट साय यांचे पीठ पातळ लाटायचे, त्याच्या पट्ट्या कापायच्या, मधे चीर पाडून तिच्यातून पट्टीचे एक टोक ओवायचे आणि तळून वर पिठीसाखर भुरभुरायची. वाचणाऱ्याला आपल्या चिरोट्यांची आठवण व्हावी अशीच ही कृती आहे.

हे लोक आपल्याला अगदीच परके नाहीत. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने सायबेरिया व मध्य आशियाकडे हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार जण इराणमार्गे भारतात आले आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती, आणि बहुतेक सारे कॅथलिक होते. छावणीत त्यांनी शाळा चालवल्या, प्रार्थनामंदिर उभारले, सणवार पाळले. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली, आणि आजचे गांधीनगर वसले. सायीने पीठ भिजवणाऱ्या देशातील माणसे पाच वर्षे म्हशीच्या दाट सायीच्या मुलखात राहून गेली, ही गोष्ट आम्हांला मोठी हृद्य वाटते. छावणीबाहेरच्या प्रत्येक मराठी घरात शिंक्यावर किंवा कपाटात त्यांच्या ओळखीचा तो जिन्नस होताच.

कारण आंबट साय ही आपल्याकडे वेगळी वस्तू म्हणून कोणी विकत आणली नाही. रोजच्या दुधावरची साय काढून साठवायची, तिला विरजण लावायचे, दुसऱ्या दिवशी घुसळून लोणी काढायचे आणि लोणी कढवून तूप करायचे, हा आपला क्रम. विरजण लागल्यापासून रवी फिरेपर्यंतच्या त्या रात्रीत प्रत्येक मराठी घरात आंबट साय असतेच. आमची आजी करंजीच्या आदल्या दिवशी त्यातली वाटीभर बाजूला काढी आणि तिच्यात रवा-मैदा भिजवी. सायीतील स्निग्धता मोहनाचे काम करी. विरजणाने दुधातील साखरेचे आम्ल केलेले असे, आणि त्या सौम्य आंबटपणाने पिठाचा चिवटपणा कमी होऊन पारी लाटताना मागे सरकत नसे. तिने कारण कधी सांगितले नाही. “पीठ पाण्याने भिजवलं की रुसतं,” एवढेच ती म्हणे.

युरोपातील या पदार्थांचा सणांशी जो संबंध जडला, त्यात चर्चच्या उपवासनियमांचा मोठा वाटा आहे. मध्ययुगात उपवासकाळात मांसाबरोबर दूध, लोणी व अंडीही वर्ज्य होती. म्हणून घरातील स्निग्ध पदार्थ राखेच्या बुधवारापूर्वी संपवून टाकण्याची चाल पडली, आणि त्यातून तळणीचे सण निर्माण झाले. दक्षिण युरोपात तेल मुबलक होते; उत्तरेकडे मात्र लोण्यावाचून गृहिणींची कोंडी होई. १४९१ मध्ये परमगुरू आठवे इनोसंट यांनी सॅक्सनीतील लोकांना लोणी वापरण्याची सशर्त मुभा दिली. फ्रान्समधील रुआँ येथील कॅथीड्रलचा एक मनोरा तर ‘लोण्याचा मनोरा’ म्हणूनच ओळखला जातो. उपवासकाळात लोणी खाण्याच्या परवानगीसाठी दिलेल्या देणग्यांतून तो उभा राहिला असे सांगतात. पुढे १९१७ च्या धर्मविधानाने मांसवर्जनाच्या दिवशी अंडी व दुधाचे पदार्थ खाण्यास स्पष्ट मोकळीक दिली, आणि १९६६ मध्ये परमगुरू सहावे पॉल यांनी उपवासाचे सारे नियमच नव्याने घालून दिले.

आमच्या गावातील उपवासाची रीत नेमकी याच्या उलट. शेजारच्या घरी एकादशीला धान्य वर्ज्य, पण दूध-तूप चालते. जुन्या युरोपात उपवासाला भाकरी चाले, लोणी चालत नसे. दोन्हीकडे माणसाने देवासाठी ताटातले काहीतरी बाजूला ठेवले, एवढे मात्र समान. याचा एक परिणाम असा झाला की तूप-लोणी संपवून टाकण्याचा सण आपल्याकडे उद्भवलाच नाही. मग आपल्याकडे करंजीचा काळ कशाने ठरला?

याचे उत्तर आम्हांला गोठ्यात मिळाले. म्हशी बहुतेक पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत वितात. आश्विनापासून माघापर्यंत दुधाची सुगी असते. चारा हिरवा असतो, साय दाट धरते. हवेत गारवा आल्याने साटा विरघळून वाहत नाही, थरांत टिकून राहतो. उन्हाळ्यात साट्याची करंजी करून पाहावी, म्हणजे आमचे म्हणणे पटेल. दिवाळी आणि नाताळ हे दोन्ही सण दुधाच्या या सुगीत येतात. म्हणून त्या मुलीला आज आम्ही सांगू, “बाळ, करंजी दिवाळीचीही नव्हे आणि नाताळचीही नव्हे, ती या मुलखाच्या थंडीची आहे. ज्याचा सण थंडीत येतो, त्याच्या घरी ती जाते.” गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे नाताळच्या कुसवारात नेवऱ्या ठेवतात, त्याच नेवऱ्या त्यांच्या हिंदू शेजाऱ्यांकडे चवथीला होतात. प्रार्थना बदलली तरी लाटणे बदलले नाही, आणि ते बदलायला हवे असे कोणाला वाटलेही नाही.

राहिला गव्हाचा प्रश्न. आमचा हा टापू मूळचा ज्वारीचा. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि बागायत आली. १९३४ मध्ये जवळच कळंबच्या माळावर वालचंदनगरचा साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा उसाने शिवार व्यापले. तरी जिरायती घरात गहू हे सणाचेच धान्य होते. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी लाल मिलो खाल्ली, खडी फोडली आणि सुकडीवर मुले जगवली. त्या वर्षी नाताळला करंजी झाली नाही, ज्वारीच्या पिठाची गुळाची कापणी झाली, आणि शेजारी ताट पाठवायचे चुकले नाही, असे आजी सांगत असे. गोड पदार्थाच्या इतिहासात कडू वर्षांचाही हिशेब असतो.

मग साय कोठे हरवली? पहिला घाला वनस्पती तुपाचा. १९३७ पासून ‘डालडा’ या नावाने ते घरोघर पोचले. ते स्वस्त, टिकाऊ आणि साट्याला सोयीचे होते. पण त्याला ना वास ना चव. दुसरी गोष्ट अधिक खोलवरची. १९७० मध्ये ‘दुधाचा महापूर’ योजना सुरू झाली, गावोगाव संकलन केंद्रे आली आणि संकरित गाई गोठ्यात आल्या. हे वरदानच होते, यात शंका नाही. आमच्या घरातील दोन मुलांची शिक्षणे दुधाच्या पगारावर झाली. तेव्हा त्याविषयी तक्रारीचा सूर काढणे कृतघ्नपणाचे होईल. पण म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, तर संकरित गाईच्या दुधात साडेतीन-चार टक्के. शिवाय दूध सकाळ-संध्याकाळ केंद्रावर जाते, आणि फॅटवर भाव ठरत असल्याने घरी साय काढून दूध घालणे परवडत नाही. गोठ्यात पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक दूध आहे आणि कपाटात सायीचे भांडे मात्र नाही. त्या नाताळात करंज्या वातड का झाल्या, याचे उत्तर हे. नेहमीच्या सवयीने साय घालायची म्हणून आम्ही पातळ दूध घातले, आणि ते कमी पडले म्हणून पाणी.

पुढच्या वर्षी आम्ही नाताळपूर्वीचे चार दिवस एका म्हशीचे दूध घरी ठेवले. त्याचा अनुभव वाचकभगिनींच्या व बंधूंच्या उपयोगी पडावा म्हणून माप देतो. बारीक रवा एक वाटी, मैदा एक वाटी, चिमूटभर मीठ आणि दोन चमचे तुपाचे कडकडीत मोहन. ते पिठाला चोळून घेतल्यावर साधारण अर्धी वाटी विरजलेली साय घालून घट्ट भिजवावे. लागल्यास थोडे दूध घ्यावे, पाणी घेऊ नये. ओल्या फडक्याखाली दोन तास ठेवून पीठ पाट्यावर कुटून घ्यावे. साट्यासाठी अर्धी वाटी थिजलेले तूप फेसून त्यात तीन-चार चमचे तांदळाची पिठी घालावी. तीन पातळ पोळ्या साटा लावून एकावर एक ठेवाव्यात, घट्ट वळकटी करून इंचभर तुकडे करावेत, हलक्या हाताने पारी लाटावी आणि सारण भरावे. तळताना आच मंद ठेवावी. घाई केली तर पापुद्रे आत मिटूनच राहतात.

त्या वर्षी करंज्या साधल्या. शेजारच्या मुलीने एक मोडून पापुद्रे मोजण्याचा प्रयत्न केला आणि मधेच नाद सोडून ती खाऊन टाकली. आमचे ताट परत आले तेव्हा रीतीप्रमाणे रिकामे नव्हते. त्यात मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा होता.

लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० मध्ये हजार पाकक्रियांचे पुस्तक लिहिले, कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये आली, म्हणून त्या पिढ्यांचे पुष्कळ ज्ञान टिकले. आमच्या आजीने काही लिहिले नाही. प्रत्येक धर्मग्रामात अशा आज्या अजून आहेत. त्यांच्याशेजारी एकदा पाट घेऊन बसावे आणि त्या वाटीने मोजतात की मुठीने, एवढे तरी टिपून ठेवावे. आम्हांला ते उशिरा सुचले.