फुकट चष्म्याची किंमत

सरकारने एखादी गोष्ट फुकट द्यायचे ठरवले, की काही जण म्हणतात, “बरे झाले, गरिबाची सोय झाली.” दुसरे विचारतात, “पण पैसा कुणाच्या खिशातून जाणार?” दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. या दोन मतांची मोठी झुंज विलायतेत झाली, आणि ती आपण समजून घेण्याजोगी आहे.

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. महायुद्ध संपून तीनच वर्षे झाली होती. कित्येक जिन्नस अजून रेशनवर होते. अशा तंगीत मजूर पक्षाच्या सरकारने डॉक्टर, इस्पितळ, औषध, चष्मा, दातांची कवळी, सारे विनामूल्य केले. खर्च मुख्यतः करांतून भागायचा होता. आरोग्यमंत्री होते अनायरिन बेव्हन. लहानपणी वेल्समधल्या कोळशाच्या खाणीत राबलेले गृहस्थ.

त्याआधी काय होते? १९११ च्या कायद्याने कामगाराचा विमा उतरवला होता, पण तो कामगारापुरता. त्याच्या बायकोमुलांना डॉक्टरची फी पदरची द्यावी लागे. मग घरची बाई दुखणे अंगावर काढी. हे चित्र आपल्याला नवे नाही.

सेवा सुरू होताच लोकांची रीघ लागली. पहिल्या वर्षातच पन्नास लाखांहून अधिक चष्मे वाटले गेले. योजनेचा पाया घालणाऱ्या बेव्हरिज यांनी १९४२ च्या अहवालात खर्च धरला होता १७ कोटी पौंड. आणि वीस वर्षांनीही तो तेवढाच राहील, कारण लोक निरोगी झाले की इलाज कमी लागेल, असा त्यांचा हिशेब होता. खर्च तर पहिल्या काही वर्षांतच त्याच्या दुपटीपुढे गेला. शेवटी एप्रिल १९५१ मध्ये अर्थमंत्री गेट्स्केल यांनी चष्मा आणि कवळी यांवर शुल्क बसवले. कोरियाच्या युद्धामुळे शस्त्रास्त्रांना पैसा हवा होता. बेव्हन यांनी तडकाफडकी मंत्रिपद सोडले. पुढच्याच वर्षी हुजूर पक्षाच्या सरकारने औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग आकारायला सुरुवात केली.

आता खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते काय म्हणत, ते पाहू. त्यांचे म्हणणे असे, की भाव हा निरोप्या आहे. कांदा महागला, की शेतकऱ्याला कळते जास्त लावावा, आणि गिऱ्हाइकाला कळते जपून वापरावा. भावच काढून टाकला, तर हा निरोप कोण पोचवणार? मागणी वाढतच जाते, आणि पैशाची रांग जाऊन माणसांची रांग लागते. हायेक या अर्थशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये लिहिले, की ‘वैद्यकीय गरज’ ही काही वजनकाट्यावर मोजता येणारी चीज नव्हे. मात्र याच हायेक यांनी १९४४ साली आजारपणाच्या विम्याला सरकारने हातभार लावायला हरकत नाही, असेही म्हटले होते. म्हणजे भांडण दयामायेचे नव्हते. सोय कुणी आणि कशी करावी, याचे होते.

हुजूर सरकारनेच १९५३ मध्ये गिलेबॉड समिती नेमली. खर्चाला लगाम कसा घालावा, हे तिने सांगावे अशी अपेक्षा होती. १९५६ मध्ये अहवाल आला, तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. देशाच्या एकूण उत्पन्नात या सेवेचा वाटा १९४९-५० मध्ये पावणेचार टक्के होता; १९५३-५४ मध्ये तो सव्वातीन टक्क्यांवर आला होता. उधळपट्टीचा आरोप टिकला नाही. उलट नवी इस्पितळे बांधायला पैसाच दिलेला नाही, हे उघड झाले. टीकाकारांची रांगेची भीती खरी ठरली, आणि दिवाळखोरीची खोटी.

दुसरा मुद्दा मांडला अमेरिकेच्या केनेथ ॲरो यांनी, १९६३ मध्ये. बाजार केव्हा नीट चालतो, याचे गणित मांडणाऱ्यांपैकीच ते एक. ते म्हणाले, दुखणे कांद्यासारखे नसते. ते केव्हा येईल हे ठाऊक नसते. आणि कोणते औषध घ्यावे, हे रोग्यापेक्षा डॉक्टरला जास्त कळते. ज्याला मालाची पारख नाही, त्याने घासाघीस करावी कशी?

यात एक गंमत आहे. बेव्हन यांच्या ट्रेडेगर गावी खाणकामगारांनी आपली वैद्यकीय मदत संस्था चालवली होती. मजुरीतून ठरावीक वर्गणी कापून ते डॉक्टर नेमत. बेव्हन म्हणत, हेच मी सगळ्या देशाला देतो आहे. बाजारवादी म्हणतात, पाहा, लोकांनी सरकारवाचून सोय केली होती, ती तुम्ही मोडलीत. एकाच गावाची साक्ष दोन्ही पक्ष काढतात! माझ्या मते दोघेही अर्धे बरोबर आहेत. सहकार मोलाचा खरा, पण ज्या गावात खाण नव्हती, ठरावीक पगार नव्हता, तिथे वर्गणी कशातून कापणार?

आपल्याकडे १९४६ मध्ये भोर समितीने सांगितले, की पैसा नाही म्हणून कुणी उपचारावाचून राहता कामा नये. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना तिथूनच आली. पण नुसती इमारत म्हणजे दवाखाना नव्हे, हे आपण जाणतोच.

इंग्लंडात औषधावरचे शुल्क आजही आहे; वेल्सने ते २००७ मध्ये रद्द केले. वाद मिटलेला नाही. शिक्षकांनी वर्गात हा इतिहास सांगताना मुलांना दोन प्रश्न जरूर घालावेत. फुकट मिळते त्याची किंमत कोण भरतो, पैशाने की वाट पाहून? आणि विकत घ्यावे लागते तेव्हा दाराबाहेर कोण राहतो? यांपैकी एकच प्रश्न विचारणाऱ्यावर, मग तो पुढारी असो की पंडित, एकदम विश्वास टाकू नये.