चॅटबॉटची परीक्षा घेतं कोण? अर्जुनी मोरगावच्या धान शेतकऱ्याला त्याचं काय?

अर्जुनी मोरगाव तालुक्यात कुणी 'भाताची लावणी' म्हणत नाही. इथे 'धानाची रोवणी' होते. रोपं म्हणजे 'पऱ्हे' आणि खाचर म्हणजे 'बांधी'. आता समजा, इथल्या एका शेतकऱ्याने मोबाईलवरच्या एआय चॅटबॉटला विचारलं, "रोवणी झाल्यावर बांधीत पाणी किती ठेवायचं?" चॅटबॉट लगेच, शुद्ध मराठीत, मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर देईल. पण त्याला 'बांधी' कळली का? की त्याने नदीवरच्या बांधाबद्दल सांगितलं? आणि हे तपासलं कुणी?

प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर जगभरात संशोधन सुरू आहे. बोलणाऱ्या एआयचं मूल्यमापन हा पीएचडीनंतरच्या संशोधनाचा एक स्वतंत्र विषय बनला आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या कृषी विभागाने 'महाविस्तार-एआय' ॲप आणलं, त्यात मराठीतून प्रश्न विचारायची सोय आहे. त्याच वर्षी जूनमध्ये राज्याने 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर केलं. म्हणजे हा विषय आता प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. तो समजून घेऊया.

चॅटबॉट आणि एजंट यात फरक काय?

चॅटबॉट उत्तर देतो, एजंट काम करतो. "पीएम-किसानचा हप्ता कधी येतो?" याचं उत्तर देणारा तो चॅटबॉट. "माझा हप्ता का अडकला ते बघ आणि तक्रार नोंदव" असं सांगितल्यावर खरोखर तक्रार नोंदवणारा तो एजंट. चॅटबॉटचं उत्तर चुकलं तर चुकीची माहिती मिळते. एजंट चुकला तर चुकीचा अर्ज भरला जातो. त्यामुळे दोघांची परीक्षा वेगळी घ्यावी लागते.

हे काम पोस्ट-डॉक संशोधक का करतात?

पोस्ट-डॉक म्हणजे पीएचडी झाल्यानंतर ठरावीक काळासाठी केलेलं संशोधन. भारतात 'नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप' दोन वर्षांची असते. मूल्यमापनाचं काम या टप्प्यावर चांगलं बसतं, कारण ते एका विषयाचं नाही. त्याला संगणकशास्त्र लागतं, भाषाशास्त्र लागतं, संख्याशास्त्र लागतं आणि प्रत्यक्ष माणसांमध्ये जाऊन काम करावं लागतं. शिवाय एआय बनवणाऱ्या कंपनीनेच स्वतःच्या एआयला गुण द्यायचे, तर निकालावर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून बाहेरचा परीक्षक हवा.

परीक्षेची सुरुवात कधी झाली?

१९५० मध्ये ॲलन ट्युरिंग यांनी एक कसोटी सुचवली. लेखी संवादात समोर माणूस आहे की यंत्र, हे ओळखता आलं नाही तर यंत्र पास. १९६६ मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाचा प्रोग्रॅम लोकांसमोर आणला. तो समोरच्याचीच वाक्यं फिरवून प्रश्न विचारायचा. तेवढ्यावरही लोक त्याच्याशी मन मोकळं करू लागले. माणसाला 'खरं वाटणं' आणि उत्तर 'खरं असणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा तेव्हाच मिळाला.

१९९७ मध्ये 'पॅराडाइज' नावाची पद्धत आली. काम झालं का, त्यासाठी किती वेळ आणि किती संवाद लागला आणि माणूस समाधानी झाला का, या तीन गोष्टी तिने एकत्र मोजल्या. २००२ मध्ये भाषांतर तपासण्यासाठी 'ब्लू' हे गणित आलं. यंत्राचे शब्द नमुना उत्तराशी किती जुळतात, ते यात मोजलं जातं. पुढे संशोधकांनी तेच गणित चॅटबॉटलाही लावलं. पण २०१६ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी दाखवून दिलं की असे गुण आणि माणसांनी दिलेले गुण यांचा फारसा मेळ बसत नाही. कारण उघड आहे. "उद्या या" आणि "आज ऑफिस बंद आहे" या दोन उत्तरांत एकही शब्द सारखा नाही, तरी दोन्ही बरोबर असू शकतात.

आज परीक्षा कशी घेतात?

मुख्य पद्धती चार आहेत.

१. प्रश्नसंच: चार पर्याय, एक बरोबर उत्तर. आयआयटी मद्रासच्या 'एआय४भारत' गटाने २०२४ मध्ये 'मिलू' हा संच आणला. त्यात मराठीसह ११ भाषांतले सुमारे ८० हजार प्रश्न आहेत. तपासायला सोपं, पण संवाद कसा करतो हे यातून कळत नाही.

२. माणसांची पसंती: दोन चॅटबॉटची उत्तरं नाव झाकून शेजारी ठेवायची आणि माणसाने चांगलं उत्तर निवडायचं. २०२३ मध्ये सुरू झालेला 'चॅटबॉट अरीना' याच तत्त्वावर चालतो. बुद्धिबळातल्या रेटिंगसारखी त्यातून क्रमवारी बनते.

३. एआयच परीक्षक: माणसांना वेळ आणि पैसा लागतो, म्हणून एका एआयचं उत्तर दुसऱ्या एआयकडून तपासून घ्यायचं. २०२३ च्या एका अभ्यासात जीपीटी-४ चे निकाल माणसांच्या निकालांशी ८० टक्क्यांहून जास्त वेळा जुळले. पण त्याच अभ्यासात परीक्षकाच्या खोडीही दिसल्या. उत्तरांचा क्रम बदलला की निकाल बदलायचा, लांबलचक उत्तराला झुकतं माप मिळायचं आणि स्वतःच्या धाटणीचं उत्तर जास्त आवडण्याची शक्यताही दिसली.

४. काम करून दाखव: ही एजंटची परीक्षा. २०२४ मध्ये 'सिएरा' कंपनीच्या संशोधकांनी 'टाऊ-बेंच' आणला. त्यात एक एआय ग्राहक बनतो आणि दुसरा दुकानाचा किंवा विमान कंपनीचा एजंट. एजंट किती गोड बोलला याला गुण नाहीत. शेवटी नोंदवहीत बरोबर बदल झाला का, हे मुख्यतः बघायचं. तेव्हाच्या जीपीटी-४ओ ला निम्मी कामंही जमली नाहीत. एकच काम आठ वेळा करायला लावलं, तर दुकानाच्या विभागात आठही वेळा जमण्याचं प्रमाण २५ टक्क्यांच्या खाली गेलं.

या शेवटच्या मुद्द्यामागे साधं गणित आहे. एखादा एजंट प्रत्येक वेळी ९० टक्के बरोबर असतो असं धरा. एकाच कामात सलग आठ वेळा बरोबर येण्याची शक्यता किती? ०.९ ला आठ वेळा गुणलं की उत्तर येतं सुमारे ०.४३, म्हणजे ४३ टक्के. जाहिरातीत '९० टक्के अचूक' लिहिलेलं असतं, पण रोज काम करून घेणाऱ्याच्या वाट्याला हा दुसरा आकडा येतो.

परीक्षकांचंच एकमत नसेल तर?

दोन तपासणाऱ्यांनी तीच १०० उत्तरं बघितली आणि ८५ वेळा त्यांचं मत जुळलं. भारी वाटतं ना? पण दोघंही १०० पैकी ९० उत्तरांना 'बरोबर' म्हणत असतील, तर डोळे झाकून शिक्के मारले तरी त्यांचं मत ८२ वेळा जुळलं असतं. म्हणजे ८५ मधला खरा वाटा फक्त तीनचा. हा योगायोग वजा करण्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये 'कप्पा' हे माप दिलं. पूर्ण एकमत असेल तर कप्पा १ येतो. या उदाहरणात तो येतो जेमतेम ०.१७. म्हणून चॅटबॉटच्या कोणत्याही रिपोर्टमध्ये गुणांसोबत हा आकडा दिला आहे का, हे संशोधक आधी बघतात.

मराठीत आतापर्यंत काय झालंय?

एक मोठं काम म्हणजे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया आणि 'कार्या' यांचा २०२४ चा 'परीक्षा' हा अभ्यास. यात मराठीसह दहा भारतीय भाषांमध्ये सुमारे ३० एआय मॉडेल्स तपासली गेली. माणसांनी ९० हजार वेळा आणि एआयने ३० हजार वेळा निकाल दिले. भाषा बरोबर आहे का, काम नीट झालं का आणि उत्तरात मनाने रचलेलं काही आहे का, या तीन कसोट्या होत्या. दोन उत्तरांपैकी चांगलं कोणतं, हे निवडताना माणूस आणि एआय यांचं बऱ्यापैकी जुळलं. पण एकेका उत्तराला थेट गुण द्यायची वेळ आली तेव्हा जुळणी घसरली. बंगाली आणि ओडियात ती जास्त घसरली. थोडक्यात, इंग्रजीत चालणारा एआय परीक्षक आपल्या भाषांत आंधळेपणाने वापरता येत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ओपनएआयने 'इंडक्यूए' हा संच जाहीर केला. २६१ तज्ज्ञांच्या मदतीने बनलेले २,२७८ प्रश्न, १२ भाषा, त्यात मराठीही आहे. पुण्यातला 'एल३क्यूब' गट मराठीसाठी खुले डेटासंच आणि मॉडेल्स बनवतो. आवाजाच्या बाबतीत २०२० मधला एक अभ्यास महत्त्वाचा आहे. धारावीचा कुंभारवाडा, अमाळे हे आदिवासी गाव आणि आयआयटी मुंबई अशा तीन ठिकाणच्या लोकांकडून मराठी आवाज रेकॉर्ड करून घेतले गेले. मोबाईलवर काम करणाऱ्या गावातल्या लोकांचा डेटा विद्यार्थ्यांच्या डेटाइतकाच चांगला निघाला.

मग झाडीबोली आणि गोंडीचं काय?

इथे अडचण सुरू होते. वरच्या संचांत 'मराठी' म्हणजे मुख्यतः प्रमाण मराठी. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पट्ट्यात बोलली जाते ती झाडीबोली. तिच्यात 'ण' ऐवजी 'न' येतो आणि 'ळ' ऐवजी 'र'. पाणी होतं 'पानी', डोळा होतो 'डोरा'. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या बोलीचे शब्द गोळा करायला आयुष्य दिलं, पण ते शब्द चॅटबॉटच्या परीक्षेपर्यंत पोचलेले दिसत नाहीत.

आवाज ओळखण्याची चूक मोजतात ती शब्दांच्या टक्केवारीत. "बांधीत किती पानी ठेवायचं" या चार शब्दांत 'बांधीत'चं 'बंदीत' झालं, तर चूक २५ टक्के. 'पानी'चं 'पाणी' झालं तरी चूक २५ टक्केच. कागदावर दोन्ही सारख्या. प्रत्यक्षात पहिल्या चुकीने प्रश्नच बदलला आणि दुसरी तर चूकच नाही.

गोंडीची गोष्ट याहून पुढची. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख आहेत, पण ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. 'परीक्षा' अभ्यासातल्या दहा भाषांतही ती नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' हे भाषांतराचं ॲप प्राथमिक रूपात आणलं, त्यात संताली, भिली, मुंडारीसोबत गोंडी आहे. सुरुवात झाली आहे, पण गोंडीच्याही बोली राज्यागणिक बदलतात.

अर्जुनी मोरगावसाठी परीक्षा बनवायची तर?

पहिली गरज म्हणजे खरे प्रश्न. किसान कॉल सेंटरवर २००४ पासून शेतकरी फोन करतात आणि त्या प्रश्नांच्या नोंदी सरकारी डेटा पोर्टलवर खुल्या आहेत. पण त्या फोन घेणाऱ्याने थोडक्यात टिपलेल्या असतात, शेतकऱ्याच्या तोंडचे शब्द त्यात उरत नाहीत. म्हणून प्रश्न गावातच गोळा करावे लागतील. गादमाशी आणि तुडतुडा, मामा तलावाचं पाणी, धान खरेदी केंद्राची नोंदणी, रानडुकरांनी केलेल्या नुकसानीची भरपाई, वनहक्क दावा, मोहफूल आणि तेंदूपत्ता, सिकल सेलची तपासणी. हे इथले रोजचे विषय.

दुसरी गरज म्हणजे चुकांना वेगवेगळं वजन. शुद्धलेखन चुकलं तर एक गुण जाईल. पण औषधाचा डोस 'लिटरमागे' सांगायचा तो 'एकरामागे' सांगितला, तर ते उत्तर थेट नापास. साप चावल्यावर घरगुती उपाय सांगत बसणारा चॅटबॉटही नापास. त्याने पहिल्याच ओळीत १०८ ला फोन करून दवाखाना गाठायला सांगायला हवं.

तिसरी गरज म्हणजे परीक्षक. सहायक कृषी अधिकारी, आशा सेविका आणि स्वतः शेतकरी. उत्तर शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे का, हे सहायक कृषी अधिकारी सांगेल. ते समजलं का आणि करता येईल का, हे शेतकरीच सांगेल. या कामाचा योग्य मोबदला देणं हाही संशोधनाच्या नैतिकतेचा भाग आहे.

उत्तर चुकलं तर जबाबदारी कुणाची?

फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडात एक निकाल लागला. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला तिकीट सवलतीची चुकीची माहिती दिली होती. चॅटबॉट त्याच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, अशा अर्थाचा बचाव कंपनीने केला. न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि कंपनीला सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. तिथे तिकिटाचे पैसे परत मिळाले. पण चुकीच्या सल्ल्याने बांधीतलं धान गेलं तर हंगाम परत येत नाही. म्हणून परीक्षा आधीच घेणं जास्त महत्त्वाचं.

तुम्ही स्वतः कसं तपासाल?

- तोच प्रश्न तीन वेळा, वेगवेगळ्या शब्दांत विचारा. उत्तर बदलतंय का बघा.
- तुमच्या बोलीत विचारा. मग तोच प्रश्न पुस्तकी मराठीत विचारा आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा.
- ज्याचं उत्तर तुम्हाला पक्कं माहीत आहे, असा गावातलाच एखादा प्रश्न विचारा.
- अस्तित्वात नसलेल्या योजनेचं नाव घेऊन माहिती मागा. 'अशी योजना माहीत नाही' म्हणणारा चॅटबॉट बरा.
- डोस, तारीख, रक्कम असा कोणताही आकडा आला की एकक बघा आणि सहायक कृषी अधिकाऱ्याकडून किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या टोल फ्री नंबरवरून खात्री करून घ्या. तिथे मराठीत बोलता येतं.
- चुकीचं उत्तर मिळालं तर ॲपमधलं नापसंतीचं बटण दाबा आणि शक्य असेल तर काय चुकलं ते आपल्या शब्दांत लिहा.