हॉल परिणामाचे उलटे चिन्ह

प्रवाह वाहणाऱ्या धातूच्या पट्टीवर लंब दिशेने चुंबकीय क्षेत्र लावले की पट्टीच्या दोन कडांमध्ये अल्पसे व्होल्टेज निर्माण होते. हाच हॉल परिणाम. चुंबकाचे बल वाहकावर पडते, त्यातील प्रवाहावर नव्हे, असे मॅक्सवेल यांनी १८७३ च्या ग्रंथात मांडले होते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेन्री रोलँड यांच्या हाताखाली शिकणाऱ्या एडविन हॉल यांना ते पटले नाही. १८७९ मध्ये काचेवर चिकटवलेल्या सोन्याच्या वर्खातून प्रवाह सोडून त्यांनी हे आडवे व्होल्टेज मोजले. पुढच्याच वर्षी लोखंडात त्याचे चिन्ह सोन्याच्या उलट असल्याचेही त्यांना आढळले.

१८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लागल्यावर हे कोडे अधिकच गडद झाले. प्रवाह ऋण इलेक्ट्रॉनच वाहत असतील, तर जस्तासारख्या धातूत चिन्ह धन कसे? रुडॉल्फ पायर्ल्स यांनी १९२९ मध्ये पुंज यामिकीतून उत्तर दिले: जवळजवळ भरलेल्या ऊर्जापट्ट्यातील रिकाम्या जागा, म्हणजेच होल, धन प्रभारासारख्या वागतात. तेव्हापासून अर्धवाहकात प्रवाह इलेक्ट्रॉन वाहतात की होल, हे हॉल व्होल्टेजच्या चिन्हावरून ठरवले जाऊ लागले.

या निकषाची मर्यादा गणिताने दाखवली. सपाट, द्विमितीय मिश्रणात घटकद्रव्यांचे चिन्ह टिकून राहते. त्रिमितीत मात्र तसे बंधन नाही, हे मार्क ब्रियान आणि ग्रॅम मिल्टन यांनी २००९ मध्ये सिद्ध केले. त्यांची रचना मध्ययुगीन योद्ध्यांच्या कड्यांच्या चिलखतासारखी, एकमेकांत गुंतलेल्या कड्यांची होती. तिच्यात अनेक द्रव्ये लागत. पुढे, कडी पोकळ केली तर एकच द्रव्य पुरते, असे दिसून आले.

जर्मनीतील कार्लस्रूह तंत्रज्ञान संस्थेत क्रिस्टियान केर्न, मुआमेर काडिच आणि मार्टिन वेगेनर यांनी २०१७ मध्ये ही रचना प्रत्यक्षात आणली. लेसरने घडवलेल्या सूक्ष्म पॉलिमर सांगाड्यावर त्यांनी झिंक ऑक्साइडचा पातळ थर चढवला. या द्रव्यात प्रवाह इलेक्ट्रॉनच वाहतात आणि प्रत्येक कड्याच्या भिंतीत व्होल्टेजही नेहमीच्याच दिशेने तयार होते. मात्र शेजारच्या कड्यांशी असलेले जोड ते विरुद्ध बाजूने उचलतात, म्हणून संपूर्ण नमुन्याचे चिन्ह उलटते. कड्यांमधील अंतर बदलले की चिन्हही बदलते. त्याच वर्षी या गटाने व्होल्टेज चुंबकीय क्षेत्राला लंब नव्हे तर समांतर मिळेल अशी रचनाही मोजून दाखवली. चिन्हावरून प्रभारवाहक ओळखण्याची जुनी रीत एकसंध द्रव्यांपुरती आजही खरी आहे. घडवलेल्या रचनेत ते चिन्ह भूमितीवरही अवलंबून असते.