दाईचा करारनामा

गेल्या जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडाच झाला होता. सातवीतल्या एका मुलीची अम्मी मधल्या सुट्टीत वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात दुमडलेले दोन कागद. "टीचर, ये मराठी जरा पढ के बताव," म्हणाली. ती उर्दू वाचते, मराठी बोलते, पण छापील मराठी तिला जड जातं. एका नव्या सोसायटीत आठ महिन्यांचं बाळ सांभाळायचं काम तिला मिळालं होतं आणि घरच्या मॅडमनी नियम टाइप करून दिले होते.

एकूण बावीस नियम. आल्यावर हातपाय धुऊन कपडे बदलावेत. मोबाइल चपलांच्या कपाटावर ठेवावा, बाळाजवळ नेऊ नये. बाळाचे फोटो काढू नयेत, पापा घेऊ नये. सोफ्यावर बसू नये. चहाचा कप वेगळा. निघताना पिशवी उघडून दाखवावी. मी वाचत गेले, ती मान हलवत गेली. यातले निम्मे नियम मला पटलेही. मी स्वतः तान्हं मूल अम्मीकडे सोडून बी.एड. केलंय, दिवसभर मूल दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या बाईच्या पोटात काय कालवाकालव होते, ते मला सांगायला नको. सगळं वाचून झाल्यावर तिने एकच विचारलं, "और पगार की तारीख?" मी कागद पुन्हा उलटसुलट पाहिले. पगाराची तारीख नव्हती. सुट्टी नव्हती. मॅडमना यायला उशीर झाला तर काय, ती आजारी पडली तर काय, काही नव्हतं. बावीसही नियम एकाच बाजूचे होते.

त्या रात्री मी नानांचा 'हिदाया' काढला. नाना मदरशात शिकवायचे. त्यांच्या कपाटातला उर्दू तर्जुमा आता माझ्याकडे आहे, वाळवीने थोडा खाल्लेला. त्यात दाईबद्दल काहीतरी वाचल्याचं अंधुक आठवत होतं.

आधी शब्दांबद्दल थोडं, कारण माझा पेशाच तो. 'दाई' हा फारसी 'दाया'वरून आला. आज मराठीत दाई म्हणजे बाळंतपण करणारी, पण मुळात ती दूध पाजणारी. उर्दूत दूध पाजणारीला 'अन्ना' म्हणतात (मराठी वाचकाला इथे जेवण आठवेल, पण हा तुर्की 'आना', म्हणजे आई) आणि मुलाला नुसतं खेळवणारीला 'खिलाई'. 'आया' हा शब्द तर पोर्तुगिजांनी आणलेला. मराठीत 'दूधआई' आहे. कापूरहोळच्या धाराऊ गाडे पाटील या संभाजीराजांच्या दूधआई, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

आता कायद्याकडे. कुरआनात दुधाची मजुरी दोन ठिकाणी येते. सूरह बकरात दुसऱ्या बाईकडून मूल पाजून घ्यायला हरकत नाही असं सांगितलंय, पण ठरलेला मोबदला रिवाजाप्रमाणे चुकता करण्याच्या अटीवर. सूरह तलाकमध्ये तर घटस्फोटित आईनेच मूल पाजलं, तरी तिला मजुरी द्या आणि आपसांत नीट बोलून ठरवा, असा हुकूम आहे. आईच्या दुधालाही मोल धरलंय, हे मला पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटलं होतं. संसार सांभाळता सांभाळता ते विचित्र वाटायचं थांबलं.

या पायावर फकीहांनी पुढची इमारत उभी केली. फरगाण्यातल्या मर्गिनान गावचे बुरहानुद्दीन मर्गिनानी यांचा इंतिकाल 1197 साली झाला. त्यांचा 'हिदाया' आजही आपल्या मदरशांत शिकवला जातो. त्यातल्या 'इजारा' म्हणजे भाड्याच्या आणि मजुरीच्या प्रकरणात घर, जनावर, शिंपी, धोबी यांच्याबरोबर दाईही येते. ठरलेल्या रकमेवर दाई ठेवणं जायज, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो 'जेवणखाण आणि कपड्यांवर' ठेवण्याबद्दल. इमाम अबू हनीफांचे दोन शागीर्द, अबू यूसुफ आणि मुहम्मद, म्हणतात की असा करार चालणार नाही, कारण मजुरी नेमकी किती ते ठरलेलंच नाही. अबू हनीफा म्हणतात, चालेल. त्यांचं कारण वाचण्यासारखं आहे. लोक आपल्या लेकराच्या मायेपोटी दाईला सढळ हाताने देतात असा रिवाज आहे, म्हणून इथे भांडण होणार नाही. इमाम साहेबांबद्दल पूर्ण अदब राखून सांगते, माझं मत शागिर्दांच्या बाजूचं आहे. मायेवर सोडलेला पगार कसा मिळतो, ते आमच्या वस्तीतल्या बायकांना विचारावं.

पुढची कलमं वाचताना मी त्या बावीस नियमांचा कागद शेजारी ठेवला होता. दाईच्या नवऱ्याला तिच्यापासून तोडण्याचा हक्क मालकाला नाही. मात्र नवऱ्याने मालकाच्या घरी येऊन तिच्याशी संबंध ठेवू नये असं मालक म्हणू शकतो, कारण घर त्याचं आहे. म्हणजे दोघांच्या हद्दी एकाच वाक्यात आखल्या आहेत. घर तुझं, पण तिचा संसार तुझा नाही. ती गरोदर राहिली आणि दुधामुळे बाळाला अपाय होईल अशी भीती असेल, तर मालकाला करार मोडता येतो. बाळाचे कपडे धुणं, त्याचं खाणं तयार करणं हे तिचं काम, कारण रिवाज तसा आहे; पण त्या खाण्याचा खर्च बाळाच्या बापाचा. बाळाला चोळायचं तेल आणि सुगंधी कोणी आणायची, यावरही चर्चा आहे. इमाम मुहम्मद म्हणाले होते दाईने. त्यावर मर्गिनानी सांगतात की ती कूफा शहरातली पद्धत. म्हणजे तिथलं तिथे, इथलं इथे. आणि दाईने स्वतःचं दूध न देता बकरीच्या दुधावर बाळ वाढवलं, तर तिला मजुरी नाही.

हे सगळं फार न्यायाचं होतं असा माझा दावा नाही. विवाहित दाईने नवऱ्याच्या नकळत काम धरलं, तर तो करार मोडू शकतो. तिथे विचार नवऱ्याच्या हक्काचा आहे, तिच्या मर्जीचा नाही. गुलामीचा काळ होता. बांदीचं दूध तिचा मालकही भाड्याने देऊ शकत असे. आणि मी वाचलेल्या त्या पानांत दाईच्या स्वतःच्या बाळाबद्दल एक ओळही नाही. ते त्या वेळी कुणाचं दूध पीत होतं? पण इतकं खरं, की आठशे वर्षांपूर्वी एका कायदेपंडिताला दाईशी करार होतो हे माहीत होतं, आणि करार म्हटला की मालकालाही काही गोष्टींना मनाई असते हेही.

शिवाय एक गोष्ट मालकाच्या हातातच नव्हती. दूध पाजलं की नातं लागतं. दाईची मुलं बाळाची दूधभावंडं होतात आणि त्यांच्यात निकाह हराम ठरतो. पगार चुकता केला, दाईला निरोप दिला, तरी हे नातं कुणी मोडू शकत नाही. सीरतच्या ग्रंथांत हलीमा सादिया यांच्यासाठी पैगंबरांनी आपली चादर अंथरल्याचं येतं. हुनैनच्या लढाईनंतर कैद्यांत आलेल्या दूधबहीण शैमाचाही मान राखल्याचं येतं. मुघलांकडे हेच नातं थेट सत्तेत उतरलं. अकबराची अन्ना माहम अनगा हिने 1561 साली दिल्लीत पुराना किल्ल्यासमोर खैरुल मनाझिल मशीद बांधली. पुढच्याच वर्षी तिचा मुलगा अधम खान याने दुसऱ्या अन्नाच्या नवऱ्याचा, अतका खानाचा, खून केला आणि अकबराने त्याला गच्चीवरून खाली फेकायला लावलं. हद्दी पुसल्या की असंही होतं. पण ती राजवाड्यातली कहाणी. सामान्य दाईला मशीद बांधायची ऐपत कुठली?

'हिदाया'चा पुढचा प्रवास मला जास्त बोचतो. कंपनीच्या न्यायालयांना मुसलमानांचा कायदा कळावा म्हणून वॉरन हेस्टिंग्जने त्याचा अनुवाद करवला. चार्ल्स हॅमिल्टनचा इंग्रजी 'हिदाया' 1791 साली लंडनमध्ये छापून आला, त्यात दाईचं प्रकरणही आहे. म्हणजे साहेबांकडे दाईच्या कराराचा कायदा त्यांच्याच भाषेत होता. आणि त्याच साहेबांच्या बंगल्यांत आया पोरं सांभाळत होत्या, बहुतेक सगळं तोंडी.

लेखी होते ते घराचे नियम. फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांनी 1888 साली हिंदुस्थानातल्या मेमसाहेबांसाठी घर चालवण्याचं जाडजूड पुस्तक लिहिलं. रोज कोठीतून सामान मोजून द्यावं, कुलूप लावावं, नोकर म्हणजे वयाने वाढलेलं मूल समजून त्याला प्रेमाने पण सक्तीने वागवावं, असा त्याचा सूर. घरावरचा वचक आणि साम्राज्यावरचा वचक त्यात एकाच मापाने मोजला आहे. आपण उर्दूवाल्यांनी यावर फार नाकं मुरडू नयेत. डिप्टी नझीर अहमदांच्या 1869 च्या 'मिरातुल उरूस'मधली शहाणी सून असगरी घरात आल्यावर मामा अझमतची हिशेबातली चोरी उघडी पाडते. मामा म्हणजे घरकाम करणारी बाई. मी तो धडा कैक वर्षं शिकवलाय, मुली हसतात, मीही हसले. मामाला पगार किती होता, हा प्रश्न मला कधी सुचला नाही.

आयांचं सगळ्यात अवघड काम समुद्रावरचं. साहेबाचं कुटुंब विलायतेला निघालं की पोरं सांभाळायला आया बोटीवर सोबत. बोट लागलेली मेमसाहेब अंथरुणात, पोरं आयाच्या गळ्यात. लंडनला पोचल्यावर तिचं काम संपे. परतीचं तिकीट देण्याचा शब्द काही जण पाळत, काही नाही. 1908 मध्ये एका आयाला किंग्ज क्रॉस स्टेशनवर हातात एक पौंड ठेवून सोडून दिल्याची नोंद आहे. अशा बायकांसाठी लंडनमध्ये 'आयाज होम' होतं. 1900 पासून ते हॅकनी भागात, 26 किंग एडवर्ड्स रोडवर होतं. 1921 मध्ये त्याच रस्त्यावर 4 नंबरला गेलं. चालवत होते लंडन सिटी मिशनचे लोक, त्यामुळे छपराबरोबर बायबलही मिळे. तिथली एक व्यवस्था मात्र व्यवहाराची होती. मालकीण आयाचं परतीचं तिकीट होमकडे जमा करी, आणि होम तिच्यासाठी हिंदुस्थानात जाणारं दुसरं कुटुंब शोधी. लेखी काय होतं, तर तिकीट. 26 नंबरच्या घरावर 2022 साली निळी पाटी लागली.

आपल्याकडे 2008 साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्याचा भर नोंदणीवर आणि मदतीवर आहे. बंद दाराआड कामाचे तास किती, हे तो ठरवत नाही. 2011 मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 189 क्रमांकाचा करार केला. कामाच्या अटी बाईला समजतील अशा सांगाव्यात, शक्यतो लेखी, आणि विश्रांतीच्या वेळेत तिला घरातच थांबायची सक्ती नसावी, असं त्यात आहे. भारताने बाजूने मत दिलं, मंजुरी अजून दिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती पुन्हा आली. मी वहीचं एक पान फाडलं. आम्ही दोघींनी पाच ओळी लिहिल्या, आधी उर्दूत तिच्यासाठी, मग खाली मराठीत. पगार दर महिन्याच्या पाच तारखेला. आठवड्यात एक सुट्टी. सातनंतर थांबावं लागलं तर तासाचे वेगळे पैसे. आजारपणाचे महिन्यातून दोन दिवस कापायचे नाहीत. दुपारी मुलगी शाळेतून घरी पोचली की तिला एक फोन. मॅडमना सलाम सांगून नम्रपणे द्या, म्हणाले. मला वाटलं होतं, काम जाईल.

काम गेलं नाही. मॅडमनी पान दोन दिवस ठेवून घेतलं आणि सही करून परत दिलं. आजारपणाच्या दोनाचा एक केला होता. फोनच्या ओळीपुढे पेनाने लिहिलं होतं, 'पाच मिनिटं'. पिशवी दाखवण्याचा नियम तसाच आहे.