हरिहरच्या खोबण्या

पन्नाशी ओलांडलेल्या पाच मित्रांनी शनिवार-रविवार डोंगरात घालवायचं ठरवलं, तेव्हा घरच्या मंडळींना वाटलं, नेहमीसारखा हाही बेत बारगळणार. पण थंडी पडली आणि आम्ही खरोखरच निघालो. शनिवारी ब्रह्मगिरी चढून पाय मोकळे केले, त्र्यंबकेश्वरात मुक्काम केला आणि रविवारी फटफटताना निरगुडपाड्यात पोचलो. समोर हरिहर उभा होता.

हरिहर म्हणजेच हर्षगड. उंचीनं काही फार मोठा नाही, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६७६ फूट. कोकणातून गोंडा घाटानं नाशिककडे येणाऱ्या वाटेवर नजर ठेवणारा हा किल्ला. पण त्याची कीर्ती आहे ती पायऱ्यांसाठी. काळ्या कातळाच्या कड्यात खोदलेला तो पट्टा दुरून इतका उभा दिसतो, की यावरून माणसं वर जातात हे खरं वाटत नाही. आमच्यातल्या निवृत्त मास्तरनं मान वर करून पाहिलं आणि मला विचारलं, ‘‘कवी, घरी सगळं सांगून आलायस ना?’’

चढू लागल्यावर मात्र भीती थोडी ओसरली. याचं कारण खोबण्या. प्रत्येक पायरीच्या दोन्ही अंगांना हाताची बोटं जातील एवढी खाच खोदलेली आहे. पाय पायरीवर, बोटं खोबणीत, असं करत माणूस वर सरकतो. पहिला टप्पा संपला की दरवाजा लागतो. पुढे डोक्यावर कातळ आणि एका बाजूला दरी अशा खोदीव वाटेनं वाकून जायचं आणि मग पुन्हा पायऱ्या. माथ्यावर हनुमान आणि महादेव आहेत, तळं आहे, दारूकोठार म्हणून ओळखली जाणारी दगडी इमारत आहे. सगळ्यांत उंच टोकाला जायला शेवटचा कातळ हातापायांनी चढावा लागतो. तिथं आमच्यापैकी तिघं गेले. दोघं खाली बसून सूचना देत राहिले!

वर शिदोरी सोडली. लोक कॉलेजातल्या आठवणी काढतात, मास्तरनं इतिहास काढला. बी.ए.ला आम्ही दोघं एकाच बाकावर होतो. तो म्हणाला, ‘‘सांग पाहू, हा किल्ला नक्की कुणाचा?’’

प्रश्न चेष्टेचा होता, पण मला तो जरा आत लागला. माझ्यासारख्या नावाच्या माणसाला हा प्रश्न कधी कधी वेगळ्या सुरात विचारला जातो. मित्राचा सूर तसा नव्हता, म्हणून मीही मोकळेपणानं सनावळी मोजू लागलो. हा मुलूख निजामशाहीचा. १६३६मध्ये शहाजीराजांना माहुलीला तह करावा लागला, तेव्हा त्र्यंबकबरोबर हरिहरही मोगलांकडे गेला. १६७०च्या सुमारास मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला. १६८९च्या सुमारास पुन्हा मोगल आले. पुढे परत मराठे. आणि एप्रिल १८१८मध्ये, आदल्या दिवशी आम्ही ज्याच्यावर चढलो होतो तो त्र्यंबकचा किल्ला पडला, तेव्हा इंग्रजांच्या स्वाधीन झालेल्या सतरा ठिकाणांत हरिहर होता.

त्या वेळी या पायऱ्या पाहून थक्क झालेला एक इंग्रज अधिकारी म्हणजे कॅप्टन जॉन ब्रिग्ज. दोनशे फूट उंच भिंतीला लावलेल्या शिडीशी त्यानं या वाटेची तुलना केली. हाच ब्रिग्ज फारसीचा जाणकार होता. अहमदनगरच्या निजामशाहीत वाढलेल्या आणि नंतर विजापुरात लिहिणाऱ्या फेरिश्ताच्या इतिहासाचं त्यानं केलेलं इंग्रजी भाषांतर १८२९मध्ये प्रसिद्ध झालं. किल्ला इंग्रजांकडे आला, तसा त्या काळाचा इतिहासही त्यांच्या भाषेत गेला.

इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कित्येक किल्ल्यांच्या वाटा सुरुंगांनी उडवल्या. अलंग-कुलंगच्या तुटक्या पायऱ्या पाहिल्या की त्याची कल्पना येते. हरिहरच्या पायऱ्या राहिल्या. मी मास्तरला म्हटलं, ‘‘माझ्या यादीत घेणारे आले, देणारे आले, पाहून थक्क होणारेही आले. खोदणारा कुठं आला?’’

तो छिन्नी-हातोडा घेऊन या कड्याला भिडला असेल. एक पायरी झाली की तिच्यावर उभं राहून पुढची. पाठीमागे दरी, हातात दगडावर घाव घालायचं हत्यार. शत्रूला अडवायची म्हणून वाट अवघड करायचा हुकूम त्याला असेलच. पण चढणाऱ्याची बोटं कुठं जातील, किती खोल जातील, याचाही विचार त्यानं केला. पायऱ्यांवर मला कुणाचं नाव कोरलेलं दिसलं नाही. खोबण्या तेवढ्या दिसल्या.

खरी परीक्षा उतरताना असते. कातळाकडे तोंड करून, शिडी उतरतात तसं उतरावं लागतं. खालची पायरी दिसत नाही. मधल्या एका ठिकाणी माझा डावा पाय हवेत चाचपडत राहिला आणि गुडघा थरथरू लागला. वरून मास्तर ओरडत होता, पण त्यालाही काही दिसत नव्हतं. तेवढ्यात खालून एका पोराचा आवाज आला, ‘‘काका, पाय सोडा खाली. आणखी थोडा. मी धरलाय.’’ त्यानं माझी टाच धरून पायरीवर टेकवली. पुढच्या पंधरा-वीस पायऱ्या तो तसाच माझ्याखाली उतरत राहिला. कुठल्याशा गटाबरोबर आला होता. त्यानं माझं नाव विचारलं नाही, आणि घाबरलेला मीही त्याचं विचारायला विसरलो. पायथ्याशी चहा घेताना त्याला शोधलं, तोवर त्यांची गाडी निघून गेली होती.

आज सुट्टीच्या दिवशी हरिहरवर फार गर्दी होते. जाणार असाल तर आडवारी जा, पावसाचे दिवस टाळा. चढणाऱ्यांना वाट द्या, मधेच थांबून छायाचित्रं काढत बसू नका. आणि भीती वाटली, तर खोबणीत बोटं घट्ट रोवून क्षणभर थांबा. ती खाच कुणीतरी तुमच्या हातासाठीच खोदून ठेवली आहे. तुमचं नाव त्याला ठाऊक नव्हतं, एवढंच.